ताई, आता परदेशी खेळाडू मी

ताई,

आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू मध्येच उठून गेलीस, म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस. लहानपणीही तू हेच करायचीस. वाद अंगावर यायला लागला की कळशी उचलून पाण्याला चालू पडायचीस. तेव्हा मी तुझ्या मागे मागे यायचे. आता येता येत नाही, म्हणून लिहितेय.

मागच्या आठवड्यात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली आणि मग लोक बोलायला उभे राहिले. तुझ्या डेपोतले साहेब म्हणाले, तुमच्या प्रज्ञाताईंचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा, अशी कंडक्टर पुन्हा होणे नाही. हे पटलं. मग कुणीतरी तुला मनमिळाऊ म्हणालं. मनमिळाऊ! मी आईकडे पाहिलं तर तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि तो रडण्यासाठी नव्हता. तू बाजाराच्या मैदानावर ज्या पोरींना फुटबॉल शिकवायचीस त्या सगळ्या जर्सी घालून आल्या होत्या. एका आजोबांनी त्यांना हटकलं, "पांढरे कपडे नव्हते का पोरीहो?" आई म्हणाली, "तिनं पाह्यलं असतं तं याच कपड्यात बसवलं असतं. या वं पोरींनो, पुढं सरका." 'पुढं सरका', तुझेच शब्द होते ते. गाडीतही तू हेच ओरडायचीस आणि मैदानावरही. मग मात्र मला हुंदका आवरला नाही.

तर भांडण. भूतानमधल्या मुलींच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये एक क्लब आहे, त्यांना स्ट्रायकर हवीय, आणि त्यांनी मला विचारलंय. हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी हसलीस. मग म्हणालीस, "म्हंजे आता तू जाशीन कोनाची तरी जागा खायाले."

मी चिडले. म्हटलं, "ताई, चांगलं बोलायचं नसेल तर फोन ठेव."

"चांगलं-वाईट नाई म्हनत मी. घरी ये. आल्यावर बोलू."

मी आले तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि तोंडावर मास्क होता. तू हात वर करून मला काहीतरी खूण केलीस. मला ती कळली नाही, आणि खोटं कशाला सांगू, मी तिचा हवा तसा अर्थ लावूनही पाहिला, पण तो बसला नाही. आता रविवारी क्लबला उत्तर कळवायचंय आणि तुझं मत माझ्याकडे नाही. म्हणजे अर्धंच आहे.

'जागा खाणं' हा शब्द तू काढलास तो अजोआ आली तेव्हा. आपल्या देशातल्या मुलींच्या वरच्या लीगमध्ये मला घेणारा तो क्लब, दूर दक्षिणेतला. तिथं मी दोन वर्षं पुढे खेळत होते, गोल करायचं काम माझं. मग मालकांनी घानाहून एक खेळाडू आणली, तीच अजोआ. कोचनं मला बोलावून सांगितलं की आता पुढे ती, तू बाकावर, गरज पडेल तेव्हा उतरवू. मी हॉस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले आणि तुला फोन लावला. तू माझं रडणं ऐकूनच घेतलं नाहीस, तुला माझ्यापेक्षा जास्त राग आला होता.

"घानाहून आनली? काऊन? आपल्या पोरीहीचे पाय मोडले का?"

"ताई, ती चांगली खेळते."

"चांगली खेळनारच न! तिले खेळाले भेटलं म्हनून चांगली खेळते. तू बाकावर बसून चांगली होशीन का? क्लबाले आयता गोल भेटून राह्यला, मंग आपली पोरगी कोन घडवन? सगळ्या क्लबाहीनं असंच केलं तं उद्या देशाच्या टीमकडून गोल कोन मारीन, सांग न मले. बॅकला आपल्या पोरी, गोलकीपर आपली, अन् गोल मारनारी दरवेळी बाहेरची, आपल्या पोरीची जागा खानारी."

ताई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. पेपरात लिहिणारे मोठे लोकही यावर डोकं खाजवतात. तू ते बुलढाणा डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, डबा खाता खाता विचारलंस. तुझ्या डोळ्यांपुढे देशाची टीम नव्हती हेही मला माहीत आहे. तुझ्या डोळ्यांपुढे तुझ्या मैदानावरची रोशनी होती, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या बाकीच्या पोरी. आपल्या धाडसारख्या गावातून एक मी वर गेले होते, आणि मलाच बाकावर बसवलं तर या पोरींना तू काय सांगणार होतीस?

मी तुझ्या बाजूनं अजोआचा राग करायचं ठरवलं होतं. जमलं नाही. राग करण्यासारखी नव्हतीच ती. जेवताना माझ्याच शेजारी येऊन बसायची, भातात दही घालून खायला शिकली, आणि सराव झाला की माझ्या बुटांच्या नाड्याही सोडून द्यायची. एक दिवस तिनं तिच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीतून मला विचारलं, "तू नेहमी डावीकडेच का वळतेस?"

मी म्हटलं, नाही वळत.

तिनं मोबाइलवर माझ्या जुन्या मॅचेस लावल्या. बॉल मिळाला, डावीकडे. पुन्हा मिळाला, पुन्हा डावीकडे. उजवीकडे अख्खं रान मोकळं पडलंय आणि मी आपली डावीकडे. समोरच्या टीमच्या पोरी आधीच तिथं जाऊन उभ्या राहिलेल्या. मला लाज वाटली, आणि तिच्यावर पहिल्यांदा खरा राग आला, कारण ती बरोबर होती. पण असं का, ते मला सांगता येईना.

त्याचं उत्तर आपल्या गावात सापडलं. लीगला मध्ये सुट्टी होती, सगळ्या पोरी घरी निघाल्या, अजोआ एकटी हॉस्टेलवर राहणार होती. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. मलकापूरला रेल्वेतून उतरलो, बुलढाण्याला आलो आणि मुद्दाम तुझी ड्युटी असलेली धाडची गाडी धरली. वाटलं, युनिफॉर्म अंगावर असताना तरी ही नीट वागेल. तू आलीस, माझं हाफ तिकीट काढलंस, आणि अजोआसमोर उभी राहून फुल काढायला लागलीस.

"ताई, तिचंही हाफ."

"सवलत आपल्या बायाहीसाठी हाय."

शेजारी मांडीवर कोथिंबिरीची जुडी घेतलेल्या एक काकू बसल्या होत्या. त्यांनी अजोआला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं आणि तुला विचारलं, "ओ मॅडम, थे बाई हाय का नाई?"

"हाय."

"मंग हाफ द्या न. सवलत बाईले हाय, गावाले नाई."

झालं, सगळी गाडी काकूंच्या बाजूनं. मागून एक म्हातारबा ओरडले, "पाहुनी हाय वं बाई, तिचं तं तिकीटच नका घेऊ!" तू तिथूनच त्यांना दटावलंस, "तुमी गप बसा, तुमचं आधार कार्ड पाह्यलं नाई मी अजून." पण शेवटी मशीनवर हाफचं बटण दाबलंस. इतक्या जोरात दाबलंस की मला त्या मशीनची दया आली. अजोआनं मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ताई तुझं स्वागत करतेय. ती उभी राहून तुला म्हणाली, "थँक यू, सिस्टर." तू म्हणालीस, "पुढं सरका."

आईचं आणि तिचं मात्र लगेच जमलं. सोमवारी जन्मलेल्या मुलीला तिकडे अजोआ म्हणतात, असं मी सांगितलं तर आई म्हणाली, "मंग सोमीच झाली थे." त्या दिवसापासून आपल्या घरात ती सोमी. तिला चुलीपुढे बसवून आईनं भाकरी थापायला लावली. ती भाकरी कशी झाली ते राहू दे. तू मात्र पाटावर पाठ फिरवून जेवत होतीस, आणि जेवण झाल्यावर कुणाकडे न बघता म्हणालीस, "उद्या मैदानावर आन तिले. पाहू काय खेळते थे."

आपलं मैदान मैदान म्हणण्यासारखं नाही, हे मला तिच्या नजरेनं पाहताना कळलं. बाजाराचा दिवस सोडला की मोकळी पडलेली जागा. एका टोकाला भाजीवाल्यांचे ओटे, म्हणून गोल एकच, दुसऱ्या टोकाला. त्या गोलकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं उघडी नाली. आणि तुझा नियम, जिच्या पायानं बॉल नालीत जाईल तिनंच तो हातानं काढायचा आणि हापशीवर धुऊन आणायचा. मीसुद्धा याच नियमात वाढले. त्या नालीचा वास अजून माझ्या नाकात आहे.

तू सगळ्या पोरी एका बाजूला घेतल्यास आणि तिच्याबरोबर फक्त मला दिलंस. अजोआनं बॉल घेतला आणि उजवीकडून, नालीच्या अगदी कडेकडेनं पळत सुटली. तुझ्या पोरी सगळ्या डावीकडे तिची वाट बघत उभ्या. गोल. पुन्हा तसंच, पुन्हा गोल. तू ओरडत होतीस, "तिकडं सरका वं, तिकडं!" पण पोरींचे पाय तिकडे जाईनात. मग एकदा वळता वळता तिचा पाय सुटला आणि ती बॉलसकट नालीत. गुडघ्यापर्यंत. पाहुणीला काय म्हणावं कुणाला कळेना. रोशनी तेव्हा चौदा वर्षांची असेल, तीच हळूच पुढे आली आणि म्हणाली, "दीदी, बॉल धुवा लागते."

मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. अजोआनं बॉल उचलला, हापशीवर गेली, बॉल धुतला, पाय धुतले, आणि येताना मध्येच थांबली. नालीकडे पाहिलं, गोलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. मलाही तेव्हाच उमगलं आणि मी खालीच बसले. इतकी वर्षं, इतक्या मोठ्या मोठ्या मैदानांवर, मी आपल्या गावच्या नालीत बॉल जाऊ नये म्हणून डावीकडे वळत होते!

"काय म्हंते थे?" तू विचारलंस.

मी सांगितलं. मला वाटलं तूही हसशील. पण तुझा चेहरा उतरला. बॉल काखेत मारून तू घरी निघालीस.

त्या संध्याकाळी अंगणात आपण भांडलो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तू म्हणालीस, "तिले तुही जागा सोताकडं पक्की ठेवाची हाय, म्हनून तुहे दोष काढून राह्यली."

"दोष खरा आहे न, ताई."

"खरा असन. पन सांगनारी कोन? जिनं जागा घेतली थे?"

"मग कोण सांगणार होतं? इतक्या दिवसांत तू सांगितलंस का?"

हे मी बोलायला नको होतं असं आता म्हणणार नाही. भांडणात बोलतात तसं बोलले. तू म्हणालीस, "मले जे मैदान भेटलं त्याच्यावर शिकवलं मी." आणि उठलीस. कळशी भरलेली होती तरी ती उचलून गेलीस.

आम्ही परत निघालो त्या दिवशी पुन्हा तुझीच गाडी. कुणी काही म्हणायच्या आत तू अजोआचं हाफ काढलंस. बुलढाण्याला उतरताना तिच्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी कोंबलीस आणि मला म्हणालीस, "तिले सांग, तिखट हाय. रडशीन म्हना." एवढंच. तिनं ती पुडी रडत रडत आठवडाभर पुरवली.

पुढच्या मोसमात मी तिच्या उजव्या बाजूला खेळले. हो, उजव्या. आधी आधी पाय अडखळायचे, मग सुटले. ती गोल करायची आणि मी फोन केला की तू म्हणायचीस, "पास तुहा होता." तिचं नाव तू कधीच घेतलं नाहीस. ती क्लब सोडून दुसऱ्या देशात गेली, मला माझी जागा परत मिळाली, तेव्हाही तू "पाह्य, मी म्हनत होतीच" असं काही म्हणाली नाहीस. मला त्याचं नवल वाटलं होतं. तू अशी संधी सोडणाऱ्यातली नव्हतीस.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेले. ओट्यांच्या टोकाला दोन बांबू उभे होते, वर आडवा तिसरा, आणि मागे आईची जुनी मच्छरदाणी ताणून बांधलेली. दुसरा गोल. मी रोशनीला विचारलं, हे कधी केलं?

"तुमची सोमी गेली, त्याच्यानंतर. ताईनं सोताच खड्डे खंदले. एक दिवस इकून खेळाचं, एक दिवस तिकून. म्हंजे नाली कधी या हाताले, कधी त्या हाताले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"ताई म्हने, बारकीले सांगू नका. लय चढन थे."

ताई, मी त्या ओट्यावर बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि पोरी माझ्याकडे बघत राहिल्या. तू कुणाचं ऐकलंस हे तू मरेपर्यंत कबूल करणार नव्हतीस, आणि केलं नाहीस. पण खड्डे खणलेस. त्या मुरमाड जमिनीत, ड्युटीवरून येऊन. तुझी पोर चुकीचं वळते हे कळल्यावर तुझ्या जिवाला किती लागलं असेल, आणि तरी तू मैदानच बदलून टाकलंस. मला तुझा इतका अभिमान वाटला, ताई. हे तू असताना बोलायचं राहून गेलं.

पोरींचं काय, असं सगळे विचारतात, तर ऐक. सराव चालू आहे. रोशनी घेते. ती आता पुढे खेळते, तूच तिला बॅकमधून काढून पुढे आणलंस म्हणे. आणि शिट्टी आई वाजवते. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण कुणी कुणाला ढकललं की ती ओट्यावरून शिट्टी फुंकते आणि "भांडू नका वं!" म्हणून ओरडते. रेफ्री तरी याहून वेगळं काय करतो?

आईला मी भूतानचं विचारलं. ती म्हणाली, "बुद्धाचा देश हाय न थो? मंग काय विचारतं?" तिच्यापुरता प्रश्न मिटला. रोशनीलाही विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "दीदी, तुम्ही गेल्यावर तुमच्या क्लबात तुमची जागा रिकामी राहीन न?" मी म्हटलं, राहील. "मंग आपल्यातली कोनी तरी जाईन तिथं." बघ, तुझीच चेली. जागेचा हिशेब तिला लगेच कळतो. पण तू नेहमी जागा जाते कुठे एवढंच बघायचीस, ही पोरगी जागा निघते कुठे तेही बघते.

तरी तुझा मुद्दा पडला असं मी म्हणत नाही. मी तिथं गेले की तिथल्या कुणा पोरीला कोच बोलावून सांगेल, आता पुढे ती, तू बाकावर. ती पोरगी हॉस्टेलवर जाऊन उशीत तोंड खुपसेल. हे होणारच आहे आणि ते माझ्यामुळे होणार आहे. अजोआनं माझ्यावर उपकार केले म्हणून तिनं माझी जागा घेतली नव्हती असं होत नाही. तिनं घेतली होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही धरून मला खेळावं लागेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हे काही उत्तर नाई झालं." नाहीच झालं.

पण आज मी क्लबला 'येते' म्हणून कळवलं. रविवारची वाट पाहिली नाही.

एका गोष्टीसाठी मला तिथं लवकर पोचायचंय, ताई. बाकावर बसलेल्या त्या पोरीला घरी कुणीतरी असेल. मोठी बहीण असेल. तिनं मला पाहिलेलंही नसेल आणि ती फोनवर माझ्या नावानं खडे फोडत असेल, कुठून आणली हिला, आपल्या पोरींचे पाय मोडले होते का, म्हणून. सुट्टी पडली की मी त्या पोरीला म्हणणार आहे, मला तुझ्या घरी ने. ती बहीण माझ्याशी बोलणार नाही, पाठ फिरवून जेवेल. जेवू दे. मी तिच्या शेजारी बसेन.